दस्तावाचून घर

वऱ्हाड हा प्रांतच एके काळी तारण पडलेला होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून दोन ओळींत उरकली जाते. कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी हैदराबादच्या निजामाकडे इंग्रज कंपनीचे ४० लाखांवर रुपये थकले, तेव्हा त्या थकबाकीच्या आणि पुढील खर्चाच्या तरतुदीसाठी २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा मुलूख कंपनीच्या स्वाधीन झाला; नाव निजामाचे, वहिवाट कंपनीची, आणि खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक हैदराबादेस, असा तो रोखठोक सावकारी व्यवहार होता, आणि १९०२ मध्ये सालिना २५ लाखांच्या कायम पट्ट्यात त्याचे रूपांतर होईपर्यंत तो बहुतांशी तसाच चालला. ज्या मुलखाची सगळी जमीन अशी एकदा तारणात मोजली गेली, तेथल्या माणसाला आज आपले तीन खोल्यांचे राहते घर पुढे करून कर्ज मागताना ‘ही मिळकत तारणास पात्र नाही’ असे उत्तर ऐकून अमरावतीच्या एखाद्या बँकेच्या पायऱ्या उतराव्या लागतात. हे उत्तर का मिळते, ते मिळाल्यावर माणूस कोणाच्या दारी जातो, आणि त्या दारी त्याला काय भाव पडतो, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

भातकुली अमरावतीच्या पश्चिमेस, मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात वसली आहे. रुक्मीने वसविलेले भोजकट ते हेच, असे परंपरा सांगते. आदिनाथाच्या जुन्या जैन मंदिरामुळे यात्रेकरूंची ये-जा असते. गाव तालुक्याचे ठिकाण आहे आणि आता तेथे नगरपंचायतही आहे. खोलापूर, आष्टी, टाकरखेडा संभू, वाठोडा शुक्लेश्वर ही आसपासची गावे ह्याच पट्ट्यातली. विहिरींचे पाणी खारे, जमीन काळी आणि खोल, ओलिताची सोय तुटपुंजी, म्हणून कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा ही पिके बहुतेक पावसाच्या हवाल्यावर. ही काळी माती पिकाला जितकी उदार तितकीच घराला कठोर आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, आणि पाया उथळ असेल तर भिंतीला आरपार तडा नेते. तारणाची किंमत ठरवावयास आलेला अभियंता घरात शिरताच प्रथम हे तडे न्याहाळतो; कवेलूचे किंवा टिनाचे छप्पर, मातीच्या गाऱ्यात बांधलेली वीट, कॉलमाशिवाय उभ्या केलेल्या भिंती, ह्या सर्वांची नोंद त्याच्या टिपणात ऋण बाजूस होते. म्हणजे कर्जदाराचे कागद तपासले जाण्याच्या आधीच त्याच्या पायाखालच्या मातीने अर्धा निकाल दिलेला असतो.

उदाहरणादाखल एक कारागीर डोळ्यांपुढे आणावा. वेल्डिंगचे दुकान आहे. शटर, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरची ट्रॉली, शेताचे फाटक, असले काम बारमाही येते. हंगामानंतर शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की चार महिने बरकतीचे, एरवी बेताचे. वडिलोपार्जित गावठाणातल्या जागेवर मातीचे घर आहे, ते पाडून पक्के बांधावयाचे आहे, आणि त्यासाठी १० लाख रुपये हवे आहेत. ह्याच्या तोंडी हमखास येणारे बोलणे असे असते: “घर हाय, जागा हाय, आजापासून राहून रायलो बाप्पा, पन ब्यांकेचा साहेब म्हन्ते, कागद दाखव. कराची पावती दाखोली, तं म्हन्ते हे चालत नाही. मंग कर कायले घेते म्हनाव?” प्रश्न तर्कशुद्ध आहे. कर घेणारी संस्था आणि मालकी सांगणारे दप्तर ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे उत्तरही बरोबर आहे. पण ते त्या साहेबाने उभ्याउभ्या देण्याऐवजी समजावून दिले असते, तर पुढचे बरेचसे भटकणे टळले असते.

नकाराच्या बाबतीत पहिली गोष्ट हीच की तो तोंडी घेऊ नये. कोणत्याही रकमेच्या कर्जाची दरखास्त नामंजूर केल्यास त्याची मुख्य कारणे अर्जदारास लेखी कळवावीत, अशी रिझर्व्ह बँकेची व्यापारी बँकांना आज्ञा आहे आणि ती २००७ पासून सर्व प्रकारच्या कर्जांना लागू आहे. प्रत्यक्षात मात्र अर्ज नोंदवूनच घेतला जात नाही. ‘होणार नाही’, ‘तुमचा भाग आमच्या हद्दीत येत नाही’, ‘मार्चनंतर या’ अशा वाक्यांवर माणसाची बोळवण होते, आणि जो अर्ज दाखलच झाला नाही त्याच्या नामंजुरीचे कारण कोण लिहून देणार? म्हणून अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि उत्तर मागावे. हे सांगणे सोपे आहे. टेबलापलीकडच्या माणसाकडे ते मागण्याचा धीर, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाच्या अंगी यावयास वेळ लागतो, हेही खरे.

कारणे मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात: मिळकतीत, मागील देण्याघेण्यात आणि घराच्या मालकीत.

मिळकतीचा अडथळा समजावयास सर्वांत सोपा. पगारदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर असते. वेल्डिंगवाल्याचे, भाजीच्या गाड्याचे, शिंपिणीचे, कापूस वेचणाऱ्या बाईचे उत्पन्न रोखीत येते आणि रोखीत जाते. दोन-तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रे मागितली की संवाद तेथेच थांबतो. अलीकडे दुकानादुकानांतून लटकलेल्या चौकोनी चित्रावर मोबाइल रोखून पैसे देण्याचा प्रघात पडल्यामुळे ह्या रोखीच्या जगाचा थोडा भाग आपोआप बँकखात्यात उमटू लागला आहे, आणि कोणत्याही सरकारी मोहिमेपेक्षा ह्या एका सवयीने लहान कारागिराची पत अधिक वाढविली असावी, असे माझे मत आहे.

मागील देण्याघेण्याचा भाग वऱ्हाडात विशेष कडवट आहे. २००० साली स्थापन झालेल्या सिबिलचे नाव आता खेड्यापाड्यांत तलाठ्याइतकेच परिचित झाले आहे. ३०० ते ९०० ह्यांमधला तो एक आकडा माणसाची आर्थिक कुंडली म्हणून वाचला जातो. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची दीड लाखांपर्यंतची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, ह्या प्रत्येक वेळी माफीची घोषणा आणि खाते प्रत्यक्ष निरंक होणे ह्यांत काळ गेला, निकषांत न बसलेले मागे राहिले, आणि पुढील माफीच्या आशेने हप्ता थांबविणारेही होते. पीककर्जाचे ते थकलेले खाते पतनोंदीत जसेच्या तसे उभे राहते. कोणी तडजोडीने, थोडी सूट घेऊन, एकरकमी फेड केली तर नोंद ‘तडजोडीने बंद’ अशी पडते, आणि गृहकर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने ही नोंद थकबाकीच्या सख्ख्या बहिणीसारखी असते. त्याहून हताश करणारी स्थिती जामीनदाराची. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला दिलेली सही माणूस विसरलेला असतो. सिबिल विसरत नाही.

ह्यावर उपाय आहेत, आणि ते फुकट आहेत, म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करीत नाही. देशात अशी पतनोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत; त्यांपैकी प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे. नोंद चुकीची असल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. फेडलेल्या पीककर्जाचा ‘बाकी नाही’ असा दाखला बँकेतून घेतलेला नसेल तर तो आधी घ्यावा. चार हजारांच्या जुन्या बाकीसाठी दहा लाखांचे घर अडलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो, असे प्रकार घडतात.

आता तिसरे कारण, घराची मालकी. माझ्या समजुतीप्रमाणे ह्या सबंध प्रश्नाचे मूळ येथे आहे, आणि ते भातकुलीच्या परिसरात फार जुने आहे.

भोजकट राज्यातल्या जमिनीचा एक दस्त आजही उपलब्ध आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ह्याने आपल्या राजवटीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे पाचव्या शतकात, मधुनदीच्या तीरावरील चर्मांक नावाचे गाव, राजमानाने ८,००० भूमी एवढे, १,००० ब्राह्मणांना दान दिले, त्याचे ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडले. त्यात देणारा आहे, घेणारे आहेत, गाव कोणत्या नदीवर व कोणत्या राज्यात ते आहे, मोजमाप आहे, आणि दान कोणत्या अटींवर चालू राहील तेही आहे. आजच्या बँकेच्या वकिलाला ‘सर्च रिपोर्ट’ लिहावयास ह्याहून फारसे अधिक लागत नाही. दीड हजार वर्षांपूर्वी ह्या मुलखात जमिनीचा इतका नेटका कागद होऊ शकत होता. मग वेल्डिंगवाल्याच्या घराचा का नाही?

ह्याचे उत्तर १८६० नंतरच्या दशकांत आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातली भूमापनाची पद्धत वऱ्हाडात आणली. शेत न् शेत मोजले, आकार बसविला, खातेदार ठरविला, आणि ते खाते विकता व गहाण टाकता येऊ लागले. परंतु मोजणी महसुलासाठी होती. जेथून सारा येत नाही तेथे साखळी टाकण्याचे प्रयोजन त्या अधिकाऱ्यांना वाटले नाही, आणि गावठाण, म्हणजे माणसे ज्या जागेत प्रत्यक्ष राहतात ती जागा, बाहेरून एक हद्द आखून आतून कोरी सोडण्यात आली. परिणाम असा की ह्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या शेताला सातबारा आहे आणि घराला नाही. घराची जी काही ओळख आहे ती ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधील कर-आकारणीची, आणि ती मालकीचा पुरावा म्हणून उभी राहत नाही. वडील वारले, नोंद त्यांच्याच नावे राहिली. चार भावांनी अंगणात भिंत घालून वाटणी केली, ती भिंतीपुरतीच. एक बहीण परतवाड्याला दिलेली, तिची संमती कोणी घेतली नाही. बँक चालविणाऱ्या माणसाच्या जागी बसून विचार केला तर, अशा घरावर पैसा देण्यास तो कचरतो ह्यात त्याचा दोष शोधावयास फार जावे लागते.

त्याच काळाची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. शेताला कागद मिळाला आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेत तारण पडू शकते हे कळताच सावकाराने हात सैल केला. युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा तोच कागद घेऊन तो दिवाणी कोर्टात उभा राहिला. कागद पत आणतो आणि जप्तीही आणतो. पेरूचे अर्थशास्त्रज्ञ हर्नांदो दे सोतो ह्यांनी २००० साली लिहिलेल्या पुस्तकात, गरिबांची घरे ही दस्ताअभावी निद्रिस्त पडलेली भांडवले आहेत, दस्त द्या म्हणजे कर्ज वाहू लागेल, असे मोठ्या विश्वासाने मांडले, आणि जगभरच्या सरकारांना ते पटले. पण अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सच्या उपनगरात, दस्त मिळालेल्या आणि न मिळालेल्या शेजाऱ्यांची तुलना गॅलियानी आणि शार्ग्रोद्स्की ह्या दोन संशोधकांनी केली, तेव्हा दिसले ते असे की दस्त मिळालेल्यांनी घरे चांगली बांधली, मुले अधिक शिकविली. कर्ज मात्र थोडेच वाढले. दस्ताने मालकाचा जीव स्थिर होतो, सावकाराचा नव्हे; त्याला मिळकतही दिसावी लागते. दे सोतोंचा सिद्धांत मला अर्धाच पटतो तो ह्यामुळे.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेने गावठाणाचा तो कोरा तुकडा भरावयास घेतला आहे. महाराष्ट्रात ह्याचा पहिला प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला होता. ड्रोनने गाव टिपावयाचे, चुन्याने आखलेल्या हद्दींवरून नकाशा करावयाचा, चौकशी अधिकाऱ्याने हक्क ठरवावयाचे आणि शेवटी सनद व मिळकतपत्रिका द्यावयाची, जिला विदर्भात आखीव पत्रिका म्हणतात. ही पत्रिका हातात आली म्हणजे तारणाचा अर्धा प्रश्न सुटतो. मात्र चौकशीच्या वेळी घरातला कर्ता पुण्या-मुंबईस कामाला आणि घरी म्हातारी आई, असे असेल तर नाव लागते एक, वारस असतात पाच. आणि मग फेरफाराची निराळी वारी. स्वामित्व योजना ग्रामपंचायतींच्या गावांसाठी आहे. शहरी हद्दींसाठी ‘नक्शा’ हा निराळा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये काही निवडक शहरांपुरता सुरू झाला. भातकुलीसारखे गाव ह्या दोन्हींच्या सीमेवर पडते. राहणी खेड्याची, कायदा शहराचा. नगरपंचायत झाल्याचा आनंद पेढ्यांनी साजरा होतो आणि तिचे असे बारीक परिणाम वर्षा-दोन वर्षांनी उमगतात.

गावठाणाबाहेर दोन प्रकार आहेत. अमरावती, अकोला अशा शहरांत नझूलचे पट्टे: जमीन सरकारची, पट्टा जुना, मुदत संपलेली, नूतनीकरण अडलेले, आणि हस्तांतरास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक, अशा जागेवरचे दुमजली घरही बँकेला अधांतरी वाटते. नागपूर व अमरावती ह्या दोन विभागांसाठी शासनाने विशेष अभय योजना काढून निवासी नझूल जमिनी मालकी हक्काने देण्याचा मार्ग खुला केला, तो ज्यांना परवडेल त्यांनी घेण्यासारखा आहे. दुसरा प्रकार शेताचे तुकडे पाडून विकलेल्या ले-आऊटांचा. अकृषक परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही, खरेदीखत आहे ते शेताच्या हिश्शाचे. येथे नकारामागे एक कायदेशीर मेख आहे, ती कर्जदाराला सहसा कोणी सांगत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला आणि गृहवित्त कंपनीला कोर्टात न जाता, ६० दिवसांची नोटीस देऊन, तारण ताब्यात घेता येते. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन ह्यातून वगळली आहे. ज्या तारणावर हात टाकता येत नाही त्यावर पैसा कोण देणार? शेतकऱ्याचे रक्षण करणारे कलम शेतात घर बांधणाऱ्याच्या आड असे येते.

बँकेने नाही म्हटल्यावर माणूस जातो कोठे? प्रथम बहुधा सहकाराच्या दारी. अमरावती, अकोला जिल्ह्यांत नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था ह्यांची परंपरा चांगली मुरलेली आहे. संचालक गावातला, शाखाधिकारी ओळखीचा, आणि ‘हा फेडणारा माणूस आहे’ ही गोष्ट तेथे अजून पुराव्यात धरली जाते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये लहान नागरी बँकांची वैयक्तिक गृहकर्जाची मर्यादा ६० लाख आणि मोठ्यांची १ कोटी ४० लाख केल्यापासून त्यांना ह्या क्षेत्रात मोकळीकही मिळाली. पतसंस्थेत व्याज चढे आणि मुदत आखूड असते. पाच-सात वर्षांत फिटेल अशा, घराचा एक मजला किंवा स्लॅब टाकण्यापुरत्या रकमेला ती योग्य, पंधरा वर्षांच्या कर्जाला नव्हे. भिशी आणि बचत गट ह्यांतून वीट-वाळूपुरता पैसा उभा राहतो. तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्या वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना कर्ज देतात, आणि सर्व हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत असा २०२२ चा नियम आहे. परंतु बायकांच्या नावे दोन-तीन ठिकाणांहून अशी कर्जे घेऊन भिंतीमागून भिंत बांधीत नेणारी कुटुंबे आठवड्याच्या वसुलीच्या दिवशी कशी वागतात ते पाहिले, म्हणजे तो नियम कागदावर किती आणि दारात किती, हा प्रश्न पडतो.

मग येतात गृहवित्त कंपन्या. हसमुखभाई पारेख ह्यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी काढली तेव्हा घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज ही कल्पनाच ह्या देशात नवी होती. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, आणि पुढे छोट्या गावांतल्या, पगारपत्रक नसलेल्या लोकांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांचा निराळा वर्ग तयार झाला. अहमदाबादच्या गृह फायनान्सने ह्या वाटेवर आधी पावले टाकली, आणि महिंद्र समूहाने २००७ मध्ये ग्रामीण गृहवित्ताची निराळी कंपनीच उभारली. त्यांचे कसब असे की कागदाच्या अभावी ते माणसाला वाचतात. त्यांचा अधिकारी दुकानात दोन तास बसून गिऱ्हाईक मोजतो, लोखंडाच्या खरेदीच्या पावत्या मागतो, वेल्डिंग मशीनचे वीजबिल पाहतो, मुलांची फी भरल्याच्या पावत्या चाळतो, शेजारच्या किराणेवाल्याकडे उधारीची चौकशी करतो, आणि त्यावरून उत्पन्नाचा अदमास बांधतो. जुन्या सावकाराचे ज्ञान ह्या कंपन्यांनी तक्त्यात बसविले, असे म्हणता येईल. पत्नीला सहकर्जदार करणे, तिच्या नावे घर करणे, हा त्यांचा बहुधा आग्रह असतो, आणि तो मला त्यांच्या व्यवहारातला सर्वांत स्वागतार्ह भाग वाटतो.

ह्या वाचनाचे मोल मात्र घेतले जाते. १० लाख रुपये १५ वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ९,८५० रुपये पडतो. तेच १५ टक्क्यांनी घेतले तर सुमारे १४,००० रुपये. महिन्याला जवळजवळ ४,१५० रुपयांचा आणि मुदतीअखेर जवळपास साडेसात लाखांचा हा फरक म्हणजे नसलेल्या कागदाची किंमत आहे. त्यावर प्रक्रिया-शुल्क, वकिलाची व अभियंत्याची फी, आणि कर्जाच्याच रकमेत हळूच मिळविलेला विम्याचा हप्ता. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही सारी बेरीज एका पानावर, वार्षिक एकूण दरासह, कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. ते पान सही करण्यापूर्वी मागावे, सही झाल्यावर त्याचा उपयोग केवळ दुःखापुरता. चढउतार दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. दोन-तीन वर्षे हप्ते नियमित भरून, पतनोंद सुधारून, ते कर्ज स्वस्त बँकेकडे हलविण्याचा हक्क त्यामुळे कर्जदाराला राहतो. अर्थात त्या वेळी बँक पुन्हा तोच आखीव पत्रिकेचा कागद मागते, तेव्हा मधल्या काळात तो तयार झालेला असला पाहिजे. कंपनी मोठी म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही: साध्या माणसाला घर मिळवून देण्याच्याच उद्देशाने १९८४ मध्ये निघालेल्या डीएचएफएलचे संचालक मंडळ नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला बरखास्त करावे लागले. कर्जदारांचे हप्ते त्यामुळे माफ झाले नाहीत. भोगले ते ठेवीदारांनी.

आणि शेवटी सावकार, जो आधीपासून गावातच होता. वऱ्हाडने त्याचा अनुभव इतका घेतला आहे की पापळचे पंजाबराव देशमुख १९३० नंतर मध्यप्रांताच्या मंत्रिमंडळात गेले, तेव्हा कर्ज-लवादाचा प्रश्न त्यांनी आग्रहाने पुढे नेला, आणि १९३३ मध्ये तडजोडीचा कायदा झाला. आजही गावात व्याज महिन्यावर बोलले जाते: शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, दहा लाखांवर महिना ३०,००० रुपये, आणि मुद्दल जागच्या जागी. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली ठरलेले कमाल दर तारणी कर्जास शेतकऱ्याला ९ टक्के व इतरांना १५ टक्के, विनातारण अनुक्रमे १२ व १८ टक्के आहेत; मुद्दलाहून अधिक व्याज कोर्ट देववीत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही कायम आहे; आणि परवान्याशिवाय सावकारी केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण सावकाराचे खरे हत्यार व्याज नव्हे, खरेदीखत आहे. तो गहाणखत लिहून घेत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सरळ विक्री नोंदवून घेतो, आणि ‘पैसे परत केले की घर परत’ असा निराळा करार साध्या स्टँपपेपरवर करून देतो, किंवा तोही देत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, परत करण्याची अट त्याच विक्रीच्या दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. ह्या एका ओळीच्या अज्ञानाने किती घरे गेली असतील! २०१४ च्या कायद्याचे कलम १८ येथे उपयोगी पडते. स्थावर मिळकत सावकारीच्या ओघात विक्री, गहाण किंवा अन्य रीतीने मागील १५ वर्षांत सावकाराकडे गेली असल्यास, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, ह्यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत ती सावकारीच होती असे ठरल्यास ते विक्री रद्द ठरवून घर परत देऊ शकतात. अर्जासोबत वकिलाची गरज नाही, पुराव्याची आहे: हप्त्यांच्या नोंदी असलेली वही, बँकेतून दिलेल्या रकमा, साक्षीदार. घर विकूनही तोच माणूस त्यात राहतो आहे, वीजबिल त्याच्याच नावे आहे, ही गोष्ट पुष्कळ बोलते.

सरकारी साहाय्याचा उल्लेख थोडक्यात पुरे. ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुलास १ लाख २० हजार, शिवाय रोजगार हमीची मजुरी व शौचालयाचे अनुदान; नगरपंचायतीच्या हद्दीत शहरी योजनेतून स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यास अडीच लाख. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी योजनेच्या दुसऱ्या पर्वात, ९ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना २५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजसवलत, कमाल १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत मिळते, आणि गृहवित्त कंपनीच्या कर्जालाही ती लागू होऊ शकते. वेल्डिंगवाल्याने कर्जाची रक्कम दहावरून साडेसात लाखांवर आणून उरलेले अडीच लाख अनुदानातून उभे केले, तर हप्त्याचा भार पुष्कळ उतरतो. मात्र दोन्ही लाभ एकदम घेता येत नाहीत, आणि अनुदानासही जागेच्या हक्काचा कागद लागतो.

कर्ज फिटते तेव्हाही काम उरते, आणि ते करावयास बहुतेक लोक विसरतात. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ दस्त परत करणे बँकेवर किंवा गृहवित्त कंपनीवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. दस्त आले म्हणजे माणूस ते ट्रंकेत ठेवतो आणि निश्चिंत होतो, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा आखीव पत्रिकेवर चढविलेला बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे अथवा भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षकांकडे अर्ज द्यावा लागतो, फेरफार मंजूर व्हावा लागतो, आणि नव्या उताऱ्यावर ती ओळ कंस होऊन कमी झाली की नाही हे स्वतः वाचून पाहावे लागते. न पाहिल्यास पंचवीस वर्षांनी मुलगा त्याच घराचा वरचा मजला बांधावयास कर्ज मागतो तेव्हा, कधीच्या कधी बंद झालेल्या एखाद्या भूविकास बँकेचे नाव त्याच्या उताऱ्यावर निघते, आणि ‘बाकी नाही’ असा दाखला आणावयास कोणत्या कचेरीत जावे हे त्याला कोणीही सांगू शकत नाही.